दाब वाढला, पण हवा किती वाढली?

मोटारींच्या शर्यतींचे संगणकीय खेळ खेळणारी मुले आता जवळजवळ प्रत्येक वर्गात असतात. १९९७ साली जपानमध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो’ हा खेळ आला, आणि तेव्हापासून अशा खेळांत एक रीतच पडून गेली आहे. शर्यत जिंकायची, मिळालेल्या पैशांतून गाडीला मोठा टर्बो घ्यायचा, बटण दाबायचे. लगेच अश्वशक्तीचा आकडा वर सरकतो. २००१ सालच्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या चित्रपटातली नारिंगी टोयोटा सुप्रा तर या मुलांना पाठच असते. अशा एखाद्या विद्यार्थ्याला विचारून पाहावे, “मोठ्या टर्बोने शक्ती का वाढते?” उत्तर ठरलेले असते : “जास्त दाबाने हवा आत जाते म्हणून.” उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. उरलेल्या अर्ध्यात अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राची निदान तीन-चार प्रकरणे दडलेली आहेत. आणि ते अर्धे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी उत्तम इंजिनांच्या दट्ट्यांना भोके पडली आहेत.

उदाहरणासाठी आपण हीच सुप्रा घेऊ. १९९३ ते २००२ या काळात टोयोटाने तिची जी पिढी बनवली, तिच्या टर्बो असलेल्या इंजिनाचे नाव ‘२जेझेड-जीटीई’. एका रांगेत सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८६ मिलिमीटर आणि दट्ट्याची धावही ८६ मिलिमीटर. (दट्ट्या म्हणजे गॅरेजमधला पिस्टन.) विद्यार्थ्यांना आकारमान काढायला सांगावे; सहा सिलिंडरांचे मिळून २९९७ घनसेंटिमीटर येईल, म्हणजे अगदी तीन लिटर.

इंजिन कशावर चालते?

‘पेट्रोलवर’ असे आपण म्हणतो. खरे म्हणजे ‘हवेवर’ असे म्हणायला हवे. पेट्रोल द्रव आहे. ते हवे तेवढे आत फवारता येते, मोठा पंप बसवला की झाले. पण एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि हवा ही जागा अडवणारी वस्तू आहे. इंजिनाची शक्ती किती, हे ते दर सेकंदाला किती ग्रॅम हवा ओढू शकते यावर ठरते.

आपल्या इंजिनाचे गणित करू. इंजिन चार धावांचे आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा हवा घेतो. मिनिटाला ६००० फेऱ्या झाल्या तर ३००० वेळा तीन-तीन लिटर हवा आत येईल : मिनिटाला ९००० लिटर, सेकंदाला १५० लिटर. २७ अंश सेल्सिअसला लिटरभर हवेचे वस्तुमान साधारण १.१८ ग्रॅम असते. तेव्हा टर्बो नसेल तर हे इंजिन सेकंदाला जास्तीत जास्त १७५ ग्रॅमच्या आसपास हवा घेईल. पूर्ण जोरात चालणाऱ्या इंजिनाला पेट्रोल थोडे जास्तच देतात, १२.५ ग्रॅम हवेला एक ग्रॅम धरू. म्हणजे सेकंदाला १४ ग्रॅम पेट्रोल. एका ग्रॅममध्ये सुमारे ४४ किलोजूल ऊर्जा असते, त्यामुळे एकूण शक्ती झाली ६१६ किलोवॅट. त्यातली चौथ्या हिश्शाहून किंचित जास्त चाकांच्या कामी येते, बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जाते. उरले साधारण १६५ किलोवॅट, म्हणजे सव्वादोनशे अश्वशक्ती. याच इंजिनाचे टर्बो नसलेले भावंड टोयोटा विकत होतीच. त्याची शक्ती सुमारे २२० अश्वशक्ती होती. फळ्यावरचे ढोबळ गणित प्रत्यक्षाच्या इतके जवळ येते, तेव्हा वर्गात थोडा वेळ थांबावे असे आम्हांला वाटते. मुलांचा सूत्रांवर विश्वास बसायला असे प्रसंग फार उपयोगी पडतात.

आता शक्ती वाढवायची तर वाटा दोनच. एक, इंजिनाच्या फेऱ्या वाढवायच्या किंवा सिलिंडर मोठे करायचे, म्हणजे जास्त लिटर हवा ओढली जाईल. दुसरी वाट, लिटर तेवढेच ठेवून प्रत्येक लिटरमध्ये जास्त ग्रॅम हवा कोंबायची. ही दुसरी वाट टर्बोची. घनतेची वाट म्हणा ना.

धुराचा वारा

कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा निष्कास वायू, म्हणजे धूर, नऊशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. तो एका लहानशा टर्बाइनच्या पात्यांवर सोडला की टर्बाइन फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणाऱ्या पात्यांचे चाक असते. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. दोन चाके, मध्ये एक दांडा, एवढाच टर्बो. १९१८ साली सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेतल्या पाइक्स पीक या ४३०० मीटर उंचीच्या शिखरावर विमानाचे इंजिन नेऊन टर्बोची चाचणी घेतली. तिथल्या विरळ हवेत धापा टाकणाऱ्या इंजिनाला समुद्रसपाटीवरची शक्ती परत मिळाली. जपानी मोटारींत टर्बो आला तो १९७९ साली, निस्सानच्या गाड्यांतून.

आपल्या रस्त्यांवरचे ट्रक आणि एस.टी.च्या बसगाड्या यांतही टर्बो असतो, पण तिथे इंजिन डिझेलचे असते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

हे चाक किती जोरात फिरते याची कल्पना सहसा येत नाही. पन्नास मिलिमीटर व्यासाचे, मुठीत मावेल असे चाक मिनिटाला दीड लाख फेऱ्या घेते असे धरा. सेकंदाला २५०० फेऱ्या, परीघ १५.७ सेंटिमीटर, म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ३९३ मीटर. ध्वनीचा हवेतला वेग ३४७ च्या आसपास असतो! आणि या दांड्याला आधार असतो तो तेलाच्या एका पातळ थराचा. भरधाव गाडी थांबवून इंजिन लगेच बंद केले, तर तेलाचे वाहणे थांबते आणि लालभडक टर्बाइनच्या शेजारी अडकलेले तेल जळून त्याची खर धरते. म्हणून जपानमध्ये या गाड्यांना ‘टर्बो टायमर’ बसवण्याची टूम निघाली : किल्ली काढून मालक घरात गेला तरी इंजिन मिनिटभर आपले धिम्या गतीने चालूच राहते.

सायकलचा पंप आणि १४३ टक्के

आता मुख्य मुद्दा. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे प्रत्येकाने हाताने अनुभवलेले असते. हवा दाबली की तापते. तापली की प्रसरण पावू पाहते, म्हणजे त्याच दाबाला तिची घनता कमी होते. एका हाताने दिलेले टर्बो दुसऱ्या हाताने थोडे परत घेतो.

किती परत घेतो? सुप्राच्या मूळ टर्बोमुळे हवेचा दाब वातावरणाच्या सुमारे १.८ पट होतो असे धरू. बाहेरची हवा २७ अंशांची, म्हणजे ३०० केल्व्हिन. उष्णता बाहेर न जाऊ देता अगदी आदर्श रीतीने ती १.८ पट दाबली, तर तापमान ३५५ केल्व्हिन होते. पण इथे दाबणारी वस्तू म्हणजे गरगर फिरणारी पाती. ती हवेला दाबतात तशी घुसळतातही, आणि घुसळण्यात खर्च झालेले काम पुन्हा उष्णतेच्याच रूपाने हवेत उतरते. चांगल्या टर्बोची कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा ५५ अंशांची वाढ ७८ अंशांची होते. हवा ३७८ केल्व्हिन, म्हणजे १०५ अंश सेल्सिअसवर पोहोचते. घनता दाबाच्या सम आणि केवल तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. १.८ गुणिले ३००, भागिले ३७८. उत्तर येते १.४३.

दाबमापक सांगतो १८० टक्के, हाती पडते १४३ टक्के. यासाठी टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये इंटरकूलर नावाचा हवेचा रेडिएटर बसवलेला असतो. त्याने हवा ५० अंशांपर्यंत थंड केली तर घनता १.६७ पटीवर येते. मोठा टर्बो बसवणाऱ्या माणसाला दाबमापकाचा काटा दिसतो, घनता दिसत नाही. सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

या १.६७ पटीने २२० ला गुणले तर ३६७ अश्वशक्ती येते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सुप्राची शक्ती ३२० होती. मधला फरक कुठे गेला हे पुढे आपोआप कळेल. जपानमध्ये मात्र तीच गाडी २८० अश्वशक्तीची म्हणून विकली जाई. तिथल्या मोटार उत्पादकांनी २८० च्या वर आकडा जाहीर करायचा नाही असा आपसांत संकेत ठरवला होता. १९८९ पासून २००४ पर्यंत तो टिकला. याचा परिणाम मोठा मजेदार झाला. आकडा वाढवायला बंदी, पण इंजिन मजबूत करायला नाही. सुप्राचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, जाडजूड. मूळ दट्टे आणि दांडे न बदलता या इंजिनातून दुप्पट शक्ती काढणारे पुष्कळ निघाले. एच.के.एस.सारखी कंपनी तर १९७३ पासून गाड्यांची शक्ती वाढवण्याचे सुटे भाग बनवण्यावरच उभी राहिली. म्हणून ही गाडी या छंदाचे दैवत बनली.

नुसता दाब वाढवला तर?

टर्बो न बदलता दाब वाढवण्याची एक स्वस्त युक्ती आहे. धूर फार झाला की तो टर्बाइनला वळसा घालून जावा यासाठी ‘वेस्टगेट’ नावाची एक पळवाट ठेवलेली असते. दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढला की ती उघडते. ती उशिरा उघडेल अशी व्यवस्था केली की चाक आणखी जोरात फिरते आणि दाब वाढतो. शे-दोनशे रुपयांच्या झडपेत काम होते. मग मोठा टर्बो हवा कशाला?

समजा, लहान टर्बोकडूनच आपण २.५ पट दाब मागितला. प्रत्येक टर्बोचे एक सोयीचे क्षेत्र असते. त्याच्या बाहेर पाती हवेला नीट पकडत नाहीत आणि कार्यक्षमता घसरते. ती ५५ टक्क्यांवर आली असे धरू. आदर्श रीतीने होणारी वाढ ९० अंश. ती १६३ अंश होईल आणि हवा १९० अंश सेल्सिअसला बाहेर पडेल. घनता १.६२ पट. मोठा टर्बो तेच काम आपल्या सोयीच्या क्षेत्रात, ७० टक्के कार्यक्षमतेने करील. हवा १५५ अंशांची, घनता १.७५ पट. दाबमापकावर दोन्हीकडे आकडा एकच!

कोणी चाणाक्ष विद्यार्थी विचारील, “इंटरकूलर आहे ना, तो हा फरक भरून काढील.” बराचसा काढील, हे खरे. पण त्याला दर सेकंदाला किती उष्णता बाहेर टाकावी लागेल? सेकंदाला ३९० ग्रॅम हवा १९० वरून ६० अंशांवर आणायची तर ५१ किलोवॅट. १५५ वरून आणायची तर ३७. मूळ गाडीतला लहानसा इंटरकूलर दोन्ही ओझ्यांपुढे हात टेकतो, म्हणून टर्बोबरोबर तोही बदलावा लागतो. पण पहिल्या ओझ्यापुढे मोठ्याचीही पंचाईत होते.

तापलेल्या हवेपेक्षाही मोठी अडचण धुराच्या बाजूला आहे. लहान टर्बाइनचे तोंड अरुंद. जास्त धूर त्यातून जबरदस्तीने काढायचा तर मागे दाब साचतो. दट्ट्याला धूर बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो, आणि तरीही थोडा जळका, तापलेला वायू सिलिंडरमध्ये उरतो. नव्या हवेची जागा तो अडवतो आणि तिला तापवतोही. टर्बोची ऊर्जा फुकटची, धुराबरोबर वाया जाणारी, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. मघाशी ३६७ आणि ३२० यांत जो फरक पडला, त्यातला काही भाग या साचलेल्या दाबाने खाल्ला, असे म्हणता येईल. मोठ्या टर्बाइनला हा अडथळा कमी असतो, म्हणून काटा जागचा न हलताही शक्ती वाढते.

मोठ्या टर्बोचा हिशेब आता पुरा करू. २.५ पट दाब, इंटरकूलरने हवा ६० अंशांवर आणली. घनता २.२५ पट, सेकंदाला ३९४ ग्रॅम हवा, शक्ती साडेचारशे ते पाचशे अश्वशक्ती. एवढी हवा १२८ अंशांनी तापवत दाबायला शक्ती किती लागली? ३९४ ग्रॅम गुणिले १२८ गुणिले हवेची विशिष्ट उष्णता : सुमारे ५१ किलोवॅट, म्हणजे ६९ अश्वशक्ती. मारुती ८०० या गाडीचे सबंध इंजिन चाळीसच्या आसपास अश्वशक्तीचे होते. म्हणजे नारळाएवढ्या या यंत्रात, नुसती हवा दाबण्यासाठी, पावणेदोन मारुती राबत असतात. त्या बदल्यात धूर किती निवतो? जेमतेम शंभर अंश. नऊशेचा आठशे होऊन तो पुढे सायलेन्सरकडे जातो.

पाचवा घात

एवढे असूनही टोयोटाने सुरुवातीलाच मोठा टर्बो का नाही लावला? टोयोटाच्या अभियंत्यांना हे गणित येत नव्हते असे थोडेच आहे!

चालकाने पेडल दाबले की टर्बोचे चाक आधी वेग घेणार, मगच हवा येणार. हा उशीर चाकाच्या जडत्व-आघूर्णावर अवलंबून असतो. जडत्व-आघूर्ण म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग. आणि आकार तोच ठेवून चाक मोठे केले तर वस्तुमान त्रिज्येच्या घनाने वाढते. तीन आणि दोन, पाच. व्यास फक्त सव्वापट करा, जडत्व-आघूर्ण १.२५ चा पाचवा घात, म्हणजे तिप्पट होते. मोठ्या चाकाला तेवढ्याच दाबासाठी थोड्या कमी फेऱ्या पुरतात, कारण महत्त्व पात्याच्या टोकाच्या वेगाला आहे. तो हिशेब धरला तर लागणारी ऊर्जा तिप्पट नव्हे, दुप्पट होते. तरीही दुप्पट म्हणजे थोडी नव्हे. आणि ती पुरवायची कोणी? कमी फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनाच्या तुटपुंज्या धुराने.

यावर टोयोटाने काढलेला तोडगा नामी होता. एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान लावले, आणि तेही पाळीपाळीने. साधारण ४००० फेऱ्यांपर्यंत सगळा धूर पहिल्याच टर्बोला मिळे, त्यामुळे तो चटकन वेग घेई. त्यानंतर झडपा उघडून दुसरा सामील होई. जपानमध्ये विकलेल्या गाड्यांत तर टर्बाइनची चाके चिनी मातीच्या जातीतल्या सिरॅमिकची होती, कारण ती पोलादापेक्षा हलकी. परदेशी गेलेल्या गाड्यांत ती पोलादी होती. ज्यांनी वेस्टगेटची युक्ती करून या सिरॅमिक चाकांना मर्यादेबाहेर पळवले, त्यांच्या चाकांचे तुकडे झाले. उशीर कमी करण्यासाठी निवडलेला पदार्थच शक्ती वाढवण्याच्या आड आला.

हे दोन्ही टर्बो काढून एक मोठा लावला की काय होते, ते चालकालाच कळते. तीन-साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत गाडी सुस्त. मग अचानक मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखी ती सुटते. सरळ, मोकळ्या धावपट्टीवर याची मजा वाटेल. ओल्या रस्त्याच्या वळणावर मात्र पेडल दाबल्यानंतर दोन सेकंदांनी, नको त्या क्षणी मागच्या चाकांवर दुप्पट जोर येऊन पडतो.

ज्योतीआधीचा भडका

आता डिझेलचा मुद्दा. डिझेल इंजिनात नुसती हवा दाबली जाते, इंधन शेवटच्या क्षणी फवारतात. त्यामुळे हवा कितीही तापली तरी आधी जळायला तिच्यात काही नसतेच. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र दाबले जातात. ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते, आणि अजून न जळलेले मिश्रण तिच्यापुढे दाबले जाऊन तापत राहते. ते फार तापले तर ज्योत पोहोचण्याआधीच एकदम पेटते. हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. दाबाच्या या लाटा दट्ट्याच्या माथ्यावरचा वायूचा संरक्षक थर उडवून लावतात, अ‍ॅल्युमिनियम वितळू लागते, आणि काही सेकंदांत दट्ट्याला भोक पडू शकते.

टर्बोतून येणाऱ्या हवेचे तापमान इथे कसे फणा काढते ते पाहा. सुप्राच्या टर्बो इंजिनाचे संपीडन गुणोत्तर ८.५. एवढ्या संपीडनाने मिश्रणाचे केवल तापमान साधारण १.९ पट होते. ५० अंशांवर आत आलेली हवा ३४० अंशांपर्यंत जाईल. इंटरकूलर नसताना १९० अंशांवर आली तर ६०० च्या पुढे! आत शिरताना फरक १४० अंशांचा होता; दाबून झाल्यावर तो जवळजवळ दुप्पट झाला. म्हणूनच टर्बो नसलेल्या भावंडात १० असलेले संपीडन गुणोत्तर इथे ८.५ वर आणले होते. दाब वाढला की ठिणगीही थोडी उशिरा टाकतात आणि पेट्रोल जास्त फवारतात; वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेते. या प्रत्येक उपायाची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागते. ३६७ चे ३२० होण्यामागे हेही आहे. इथेनॉल मिसळलेले इंधन या छंदातल्या लोकांना आवडते त्याचे कारणही हेच : पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ते बाष्पीभवनात शोषते, आणि त्याचा ऑक्टेन अंकही मोठा.

इंधनाचा हिशेब चुकवून टर्बो मोठा करणे हा तर आत्मघातच. ३९४ ग्रॅम हवेला, ११.५ ग्रॅमला एक या प्रमाणात, सेकंदाला ३४ ग्रॅम पेट्रोल हवे. सहा सिलिंडरांत वाटले तर प्रत्येकाला मिनिटाला सुमारे ४६० मिलिलिटर. जपानी सुप्राचे फवारे मिनिटाला ४४० मिलिलिटर देणारे होते, म्हणजे अखंड उघडे ठेवले तरी कमीच पडणार. परदेशी गाड्यांतले ५५० चे. ते कसेबसे पुरतील. पेट्रोल कमी पडले की मिश्रण पातळ होते, थंडावा जातो, आणि नॉकिंग सुरू होते. म्हणून टर्बोच्या मागोमाग फवारे, पेट्रोलचा पंप, इंटरकूलर, आणि ठिणगीची वेळ ठरवणारा संगणक असे सगळे बदलत जावे लागते. त्याच्यामागून क्लच, कारण ५०० अश्वशक्ती ६००० फेऱ्यांवर म्हणजे जवळजवळ ५९० न्यूटन-मीटर, आणि मूळ जपानी गाडीचा कमाल पीळ सुरुवातीला ४३१ होता. मग ब्रेक. खेळातल्या बटणात हे काही दिसत नाही.

आपल्याकडे हा छंद दुचाकींच्या रूपाने कॉलेजच्या दारापर्यंत आलेला आहे, तेव्हा एक माहिती विद्यार्थ्यांना असलेली बरी. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरबदल करण्यास मनाई आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेल्या रचनेपासून दूर जाऊ नये असा निर्वाळा दिला आहे.

वर्गात सोडवायला एक उदाहरण देतो. बाहेरची हवा ३०० केल्व्हिन, टर्बोने दाब दुप्पट केला, कार्यक्षमता ६० टक्के. आदर्श तापमान काढण्यासाठी दाबाच्या गुणोत्तराचा ०.२८६ वा घात घेऊन त्याने ३०० ला गुणावे. गणकयंत्र वापरायला हरकत नाही. जी वाढ येईल तिला ०.६ ने भागून ती ३०० मध्ये मिळवावी आणि मग घनता काढावी. १.४६ पट यायला हवी. इंटरकूलरने हवा ६० अंश सेल्सिअसपर्यंत आणली तर १.८० पट. हेच उदाहरण बाहेरचे तापमान ४५ अंश धरून, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात, पुन्हा करून पाहावे. इंटरकूलर बाहेरच्या हवेपेक्षा ३३ अंश जास्त तापमानापर्यंतच थंड करू शकतो असे मानावे, आणि घनतेची तुलना मात्र पहिल्याच २७ अंशांच्या हवेशी करावी.